दोन चमचे, नाक धरून

आप्पांचं पोट बिघडून चौथा दिवस लागला आणि रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ताईची गाडी दारात येऊन उभी राहिली. गाडीतून आधी जावईबापू उतरले, मग एक रिकामी सुटकेस उतरली आणि सगळ्यांत शेवटी, तान्हं मूल धरावं तशी एक मोठी बाटली छातीशी धरून ताई उतरली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनीने हे तिन्ही पाहिलं. जावईबापूंना ती कधीच भ्यायली नव्हती. सुटकेसचं थोडं भय वाटलं, कारण माणूस रिकामी सुटकेस घेऊन येतो तो काहीतरी भरून न्यायलाच. पण खरी धास्ती घेतली ती बाटलीची.

ताई बापाला घेऊन जायला आली होती. तसं तिने आदल्या दिवशी फोनवर दादाला स्पष्ट सांगितलं होतं, आणि दादाने नेहमीप्रमाणे 'बघू, ये तर खरी' म्हणून विषय संपवला होता. दादाचा विषय संपला की तो वहिनीचा सुरू होई. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

आप्पांनी चाळीस वर्षं चहा चाखला. बंदराजवळच्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडक्यांखाली, लांबलचक टेबलावर दीडशे-दोनशे कप मांडलेले असत. आप्पा पोटाला एप्रन बांधून, चमचा हातात घेऊन एका टोकाला उभे राहत. चमचाभर चहा, मोठ्ठा भुरका, तोंडातल्या तोंडात एक फेरा आणि पचकन शेजारच्या उंच पितळी तस्तात. की पुढचा कप. पानं कुठल्या उतारावरची, कधी खुडलेली, पेटी वाटेत ओली झाली होती का, हे ते चालता चालता बोलत आणि मागून येणारा कारकून लिहून घेई. एकदा एका कपापाशी थांबून, 'ही पेटी साबणाच्या खोक्याला लागून ठेवली होती,' असं ते म्हणाले होते आणि ते खरं निघालं होतं. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की साबणाचा रंगसुद्धा सगळ्यांना पाठ होता.

ते निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची दादाला मिळाली. जीभ मात्र त्याला मिळाली नाही, असं आप्पा चारचौघांत म्हणत. जीभ मिळाली होती ताईला, आणि त्या काळी त्या टेबलाशी बाई उभी करण्याचा विचार आप्पांच्याही मनात आला नव्हता. ताईने बेकरी काढली, नावारूपाला आणली, आणि त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. माहेरी आली की प्रत्येक पदार्थ जिभेच्या टोकावर धरून त्यातली उणीव तेवढी सांगायची. उणीव अर्थातच वहिनीची असायची.

आणि मग ते व्हिनेगर. आप्पांच्या उमेदवारीच्या काळात त्यांच्या वरिष्ठाने त्यांना एक मंत्र दिला होता: पोटाची तक्रार कसलीही असो, दोन चमचे व्हिनेगर. तो मंत्र आप्पांनी घरात कायदा म्हणून लागू केला. पोट दुखलं, दोन चमचे. पोट फुगलं, दोन चमचे. परीक्षेच्या सकाळी पोटात कालवाकालव झाली, तरी दोन चमचे. तिन्ही मुलं त्या बाटलीच्या धाकात वाढली. धाकटा तर सांगायचा, की मी लहानपणी कधी आजारीच पडलो नाही, कारण पडायची छाती नव्हती.

घेण्याची रीतही ठरलेली होती. खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, नाक घट्ट दाबायचं आणि चमचा थेट घशापाशी नेऊन रिकामा करायचा. जिभेला थेंब लागता कामा नये. आप्पांचं म्हणणं, औषध चाखायचं नसतं, जीभ ही कामाची वस्तू आहे, ती आंबटात बुडवून खराब करायची नसते. चाळीस वर्षांत त्यांनी पिंपभर व्हिनेगर पोटात घातलं असेल, पण त्याची चव कशी असते हे त्यांना कधी नीट कळलंच नसावं.

अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या पोटात नळी घालून पाहिलं आणि आत जखम आहे, आंबट पूर्ण बंद, व्हिनेगरचं तर नावही काढू नका, असं बजावलं. आप्पांनी दवाखान्याच्या जिन्यातच निकाल दिला की त्या माणसाच्या टेबलावरचा चहा उकळून उकळून मेलेला होता, त्याच्या मताला काय किंमत द्यायची. घरी आल्या आल्या त्यांनी बाटली मागितली. त्या रात्री ते पोट धरून तळमळले आणि सकाळी पुन्हा बाटली मागितली.

वहिनीने आठ दिवस समजावलं, रुसून पाहिलं, बाटली लपवून पाहिली. नवव्या दिवशी तिने कढईत साखर जाळली, त्यात पाणी ओतलं, गार करून गाळलं आणि त्या सोनेरी पाण्याने बाटली भरली. बुचाच्या आतल्या बाजूला मात्र खरं व्हिनेगर बोटाने चोपडलं, म्हणजे उघडताना खोलीभर हवा तसा वास येई. आप्पांनी नाक दाबून दोन चमचे घेतले, पंधरा मिनिटं खुर्चीत बसले आणि 'आला गुण' म्हणाले. डॉक्टरांच्या गोळ्या ती त्यांच्या नाश्त्याच्या मधात खलून देत होती, त्यांचाही हात असेलच. तेव्हापासून अकरा वर्षं बाटली अशीच भरली जात होती. हे दादाला माहीत नव्हतं, धाकट्याला नव्हतं, ताईला तर नव्हतंच.

आताचं दुखणं मात्र वेगळंच होतं. गेल्या हिवाळ्यात आप्पांना लांबलेला ताप आला होता, त्यातून ते उठले, पण तेव्हापासून जेवणावर त्यांची नाराजी होती. काल अंथरूण झाडताना वहिनीला उशीखाली मिरपुडीचा डबा सापडला. महिन्याभरातला तिसरा. आप्पा गुपचूप ती सगळ्यावर ओतून खात होते, सूपवर, भातावर, सकाळच्या पावावरच्या लोण्यावरसुद्धा. विचारलं तर म्हणाले, 'तुमच्या हाताची चव गेली, सूनबाई, मी काय करू.' वहिनीला ते फार लागलं होतं. तिने डबा उचलून नेला, डॉक्टरांना फोन करून औषध आणलं आणि त्याबद्दल कोणाकडे चकार शब्द काढला नाही.

बैठकीच्या खोलीत सगळे जमले. आप्पा आपल्या खुर्चीत पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते. धाकटा सोफ्याच्या हातावर टेकला होता. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरच्या भांडणातही लिफ्टसारखाच, ज्याने बटण दाबलं त्याच्या मजल्यावर जायचा. ताईने सुटकेस मधोमध ठेवली, बाटली तिच्यावर उभी केली आणि खटला मांडला.

तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं. आप्पांचं पोट व्हिनेगरने बरं होतं, हे आपण जन्मापासून पाहत आलो. आता चार दिवस दोन-दोन चमचे घेऊनही गुण नाही. म्हणजे दोष व्हिनेगरात आहे. या घरात स्वस्तातलं, पाणी घातलेलं काहीतरी येत असणार. मी स्वतः सफरचंदांचं घातलंय, आठ महिने मुरलंय, बेकरीच्या तळघरात ठेवलं होतं. आप्पा आजपासून माझ्याकडे. दोन नाही, चार चमचे, दिवसातून तीनदा, आठवड्यात ठणठणीत.

धाकटा म्हणाला की ताईचं बरोबर आहे. दादा म्हणाला की तसं एकदम म्हणता येणार नाही, तेव्हा धाकटा म्हणाला की दादाचंही बरोबर आहे. जावईबापूंनी मध्येच विचारलं की डॉक्टर काय म्हणाले. ते भट्टीपुढे आयुष्य घालवलेले, भल्या मोठ्या देहाचे आणि सरळ डोक्याचे गृहस्थ होते आणि या घरात त्यांच्या प्रश्नांना उत्तर देण्याची पद्धत नव्हती.

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चार चमचे, दिवसातून तीनदा, हे तिने मनातल्या मनात बारा केले. बारा चमचे खरं व्हिनेगर त्या जखमी पोटात. एकीकडे हे होतं आणि दुसरीकडे, ते थांबवायचं तर तोंड उघडायला हवं होतं. तोंड उघडलं की अकरा वर्षं सासऱ्यांना फसवलं हे कबूल करावं लागणार. त्यांच्या त्या जिभेला, जिच्यावर हे घर उभं राहिलं, साखरपाणी पाजून. आप्पा मग तिच्या हातचं पाणी तरी पितील का? आणि ते न पिणं आपल्याला सोसेल का? तिला आपल्या सासऱ्यांचा लळा होता, ही गोष्ट तिने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती, पण या क्षणी ती तिला चांगलीच टोचली.

"वहिनी, तू काही बोलत नाहीस," ताई म्हणाली.

"आंबट त्यांना चालत नाही, ताई. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग अकरा वर्षं कसं चाललं? आणि चाललं ते चाललंच ना छान?"

वहिनी चौकटीवरचा निघालेला रंग नखाने खरवडत राहिली.

आपल्याला कुठे जायचं, कुठे राहायचं याची आप्पांनी पर्वाच केलेली दिसत नव्हती. त्यांना झोंबलं होतं ते दुसरंच. "पाणी घातलेलं?" ते म्हणाले. "या घरात? माझ्या नाकाखाली?" गरम पाण्याची पिशवी त्यांनी बाजूला ठेवली. "दादा, कप मांड."

हे शब्द त्या घरात बऱ्याच वर्षांनी उच्चारले गेले होते. दादा उठला. कपाटाच्या वरच्या खणातून चाखायचे ते बिनकानाचे पांढरे कप निघाले, तो लांब दांड्याचा चमचा निघाला, आणि माळ्यावरून धाकट्याने पितळी तस्त काढलं, त्यात ताईच्या लहानपणीचे रंगीत खडू निघाले. आप्पांनी एप्रन मागितला. चार दिवस कण्हत पडलेला माणूस एप्रनच्या नाड्या बांधून ताठ उभा राहिला आणि खोली एकदम गोदामाच्या तिसऱ्या मजल्यासारखी शिस्तीत आली.

वहिनीला स्वयंपाकघरातून बाटली आणायला सांगितलं. आणताना तिने एक शेवटचा प्रयत्न केला. उंबऱ्याशी ठेच लागल्यासारखं करून तिने बाटली हातातून सुटू दिली. धाकट्याने आयुष्यात कधी कोणाचा एक चेंडू झेलला नव्हता. त्याने ती बाटली जमिनीपासून वीतभर वर झेलली आणि सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली.

ताईने आपल्या बाटलीचं बूच काढलं. त्या वासाने जावईबापूंना तीन शिंका आल्या, दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं, धाकट्याने खिडकी उघडली. आप्पा शांत उभे होते. "उघडलीस का?" त्यांनी विचारलं.

वहिनीने ते ऐकलं, पण तिचं सगळं लक्ष त्या वेळी कपांकडे होतं. दादाने सगळ्यांकडे पाठ करून दोन कप भरले. एका बाटलीचा वासच इतका होता की दुसरीला वास आहे की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. पहिल्या कपाखाली त्याने वहिनीच्या बाटलीची चिठ्ठी ठेवली, दुसऱ्याखाली ताईच्या. आप्पांनी चमचा उचलला. आज ते नाक दाबणार नव्हते. आज ते औषध घेत नव्हते, चाखत होते.

मग मात्र वहिनीने ठरवलं. चमचा ओठाला लागला की सगळं उघडं पडणारच आहे. त्यांच्या जिभेने पकडण्याआधी आपण सांगावं, एवढी तरी लाज राखावी. ती पुढे झाली. "आप्पा, थांबा. मला काहीतरी..."

आप्पांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. चाखताना कोणी बोलायचं नाही. या घरात आग लागली असती तरी ते बोट खाली येईपर्यंत कोणी ओरडलं नसतं. तिन्ही मुलांच्या माना आपोआप खाली गेल्या आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने वहिनीचंही तोंड मिटलं.

भुरका मोठा होता. पहिला कप. तोंडातल्या तोंडात एक फेरा, मग दुसरा, मग तस्तात. आप्पांनी छताकडे पाहिलं. दुसरा कप. भुरका, फेरा, तस्त. त्यांनी चमचा पुसला, पुन्हा पहिल्या कपाशी गेले, पुन्हा चाखलं आणि चमचा टेबलावर आडवा ठेवला. म्हणजे निकाल झाला होता.

"पहिलं," ते म्हणाले, "अस्सल. जुनं, मुरलेलं, गोलाई आलेलं. यापेक्षा चांगलं व्हिनेगर मी पाहिलं नाही. आणि दुसरं म्हणजे रंगीत पाणी. कोणीतरी त्यात मिरीची चिमूट टाकलीय. जीभ चुरचुरते, खाली चव काही नाही. बेटा, तुला फसवलंय कोणीतरी."

दादाने चिठ्ठ्या उलटल्या. ताईचा चेहरा लालबुंद झाला. तिने टेबलावरचा चमचा उचलला, पहिल्या कपात बुडवला आणि बापासारखाच भुरका मारला.

वहिनी तिच्याकडे पाहत होती. या घरातली सगळ्यांत चांगली जीभ त्या क्षणी साखरेवर पडली होती. जाळलेली साखर, पाणी, आणखी काही नाही. ताईच्या भुवया हळूहळू वर गेल्या. तिने वहिनीकडे पाहिलं, नजर तशीच ठेवून तस्तात थुंकली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग तिची नजर आप्पांकडे गेली. आप्पा एप्रनला हात पुसत उभे होते, हनुवटी किंचित वर, गोदामातल्या जुन्या फोटोत आहे तशी. त्यांना कसलीही शंका नव्हती.

ताईने दुसरा कप चाखला. स्वतःचं, आठ महिन्यांचं. तिचे डोळे भरून आले, ते आंबटाने आले असंही म्हणता आलं असतं. आणि वहिनीला तेव्हा सगळं एकदम कळलं: बूच उघडल्यावरची ती शांतता, उशीखालची मिरपूड, बेचव झालेला तिचा स्वयंपाक. तापाबरोबर आप्पांचं नाक गेलं होतं आणि नाकाबरोबर चव गेली होती. त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं. चुरचुर तेवढी उरली होती, म्हणून ते मिरपूड ओतत होते. स्वतःच्या चोरीची तिला आता आठवणही राहिली नाही, इतकं तिला त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

"बरोबर आहे, आप्पा," ताई म्हणाली. आवाज तिने नेहमीसारखा ठेवला होता. "माझंच बिघडलंय. पहिलं अस्सल आहे."

चमचा दादाकडे गेला. दादाची जीभ बापाइतकी नसेल, पण पगार तो तिचाच घेत होता. त्याने पहिला कप चाखला, एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि बराच वेळ तोंडात ते पाणी घोळवत राहिला. "गोलाई आहे," तो शेवटी म्हणाला, "नक्कीच गोलाई आहे." धाकट्याने चाखून सगळ्यांचं बरोबर असल्याचं सांगितलं, आणि त्या दिवशी त्याच्या या सवयीचा प्रथमच कोणाला तरी उपयोग झाला.

राहिले जावईबापू. त्यांना कोणी चाखायला सांगितलं नव्हतं, पण कुतूहल म्हणून त्यांनी कपात बोट बुडवून चाटलं. "अरेच्चा," ते म्हणाले, "हे तर गोड..." ताईची टाच त्यांच्या पायावर पडली. "गोडसर झाक आहे," ते म्हणाले. "जुन्या मालाला असते."

"तुम्हाला कळतं, जावईबापू," आप्पा प्रसन्न होऊन म्हणाले. "मला वाटलं नव्हतं." आणि आनंदाच्या भरात त्यांनी ताईचा कप उचलला. "आणि हे बघा. हे असलं कपभर प्यालो तरी पोटाला कळायचं नाही. पाणी ते पाणी."

कप ओठांकडे निघाला. दादा 'आप्पा' म्हणाला, पण जागचा हलला नाही. धाकटा हलला, पण सुटकेसला अडखळला. वहिनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होती, तिचा हात पोचत नव्हता. पोचली ती ताई. तिने बापाच्या हातातून कप जवळजवळ हिसकावून घेतला.

"माझं आहे ना," ती म्हणाली, "मग मीच संपवते."

आणि तिने तो अख्खा कप, आठ महिने तळघरात मुरलेला, सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायला. कोणी नाक दाबायचंही सुचवलं नाही. कप तिने टेबलावर उपडा ठेवला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आप्पांनी मान डोलावली. मुलगी चूक कबूल करते आणि ती निस्तरते, याचं त्यांना कौतुक वाटलेलं दिसलं.

पुढचं सगळं आप्पांनीच ठरवलं. असल्या पारखी सुनेला सोडून जायचं काही कारण नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि सुटकेस रिकामीच गाडीत परत गेली. दादाने आढेवेढे न घेता होकार दिला, धाकट्याने दिला, जावईबापूंनी डॉक्टरांना एकदा नाक दाखवून घ्यावं असं सुचवलं आणि त्यांना नेहमीप्रमाणे उत्तर मिळालं नाही. दादा मात्र त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिला आणि हळूच 'उद्या नेतो' म्हणाला.

अर्ध्या तासात ताईचं पोट दुखायला लागलं. आधी ती नुसतीच खुर्चीत वाकून बसली, मग उठून फेऱ्या मारल्या, मग सोफ्यावर आडवी झाली आणि गुडघे पोटाशी घेतले. वहिनीने तिला थंड दूध दिलं, थोड्या वेळाने पावाचा कोरडा तुकडा दिला. पण आप्पांनी स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. आजारी पडलेले ते स्वतः होते याचाही त्यांना विसर पडला. ते वहिनीची बाटली आणि चमचा घेऊन सोफ्याशी आले.

"ऊठ. खिडकीकडे तोंड कर. नाक धर."

पन्नाशीला आलेली, सतरा माणसं हाताखाली राबवणारी ताई निमूट उठली, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि नाक धरलं. आप्पांनी मोजून दोन चमचे तिच्या घशात रिकामे केले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि पंधरा मिनिटं कुठे जाऊ नकोस असं सांगून घड्याळाकडे बघत आपल्या खुर्चीत बसले.

ताई ती पंधरा मिनिटं बसायला स्वयंपाकघरात आली. वहिनी ओट्यापाशी सूपसाठी बटाटे सोलत होती. ताईने स्टूल ओढलं आणि ती पोटावर हात ठेवून बसली. वहिनी वाट पाहत होती. बोलणी तिने मनात आधीच खाऊन ठेवली होती.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"अकरा वर्षं. नळी घालून बघितलं ना, तेव्हापासून."

"आणि मी आज चार चमचे देणार होते. दिवसातून तीनदा."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, ताई."

"तुला माहीत होतं. तू एकटीने सांभाळलंस आणि मी येऊन येऊन तुझ्या आमटीतलं मीठ काढत बसले." ताईने ओट्यावरची सालं उगाचच गोळा केली, पुन्हा सोडून दिली. "पुढच्या महिन्यात आठ दिवस पाठव त्यांना माझ्याकडे. बाटली मी भरीन. साखर किती जाळतेस?"

एकोणीस वर्षांत ताईने तिला कुठल्याही पदार्थाची कृती विचारली नव्हती. वहिनीने सुरी खाली ठेवली. "तीन चमचे," ती म्हणाली. "मंद आचेवर, सोनेरी होईपर्यंत. लक्ष ठेवावं लागतं. जरा पुढे गेली की काळी पडते, मग पाणी कडू लागतं."

"लागलं तर लागलं," ताई म्हणाली. "आता त्यांना कुठे कळणार आहे."

आणि एवढं बोलून ती स्टुलावर बसल्या बसल्या रडायला लागली, दोन्ही हातांत तोंड घेऊन. वहिनीने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. ओले, बटाट्याचे हात तिच्या केसांना लागत होते, पण ताईने डोकं मागे घेतलं नाही.

बाहेर खुर्ची करकरली. पंधरा मिनिटं झाली होती.

"सूनबाई," आप्पांचा आवाज आला, "तिला विचार, गुण आला का?"

ताईने हातांतून तोंड न काढताच मान डोलावली.

"आला, आप्पा," वहिनी म्हणाली. "लगेच आला."